साठ पावलांवरची सहल

आमच्या महिला मंडळाची सहल दर वर्षी कार्ल्याला जाते. एकवीरेला नारळ, लोणावळ्यात चिक्की आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये कुणाचं तरी भांडण, असा ठरलेला कार्यक्रम. यंदा सहल माझ्या दारापासून साठ पावलांवर गेली. बारा जणी, प्रत्येकीच्या हातात बॅग, तिघींच्या डोळ्यांवर गॉगल, अशी वरात भर दुपारी गल्लीतून निघाली तेव्हा जाळी सांधत बसलेले आमचे नवरे खो खो हसले. माझा नवरा ओरडला, "पोचलीस की फोन कर गो!" मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हसायचं त्यांनी हसावं. दोन वर्षं हे सगळे हातावर हात ठेवून बसले होते, आणि आता बायका उठल्या तर त्यांना गंमत वाटत होती.

मी वनमाला. वेसाव्यात जन्मले आणि वेसाव्यातच दिली. सुके बोंबील करते आणि अंधेरीच्या बाजारात बसून विकते. मंडळाची सेक्रेटरी आहे, कारण दहावी पास आहे. कृष्णाबाई म्हणते, माझं तोंड मोठं आहे म्हणून मला सेक्रेटरी केलं. कृष्णाबाई सत्तरीची आहे, मंडळाची अध्यक्ष आहे आणि स्वतःचं तोंड तिला कधी दिसत नाही.

आम्ही गेलो ते पाटलांचं घर. सव्वाशे वर्षांचं, दुमजली, वर कौलं आणि रस्त्याच्या बाजूला लाकडी सज्जा. पाटलांचा नातू जयवंत मुलुंडला राहतो. त्याने ते एका कंपनीला भाड्याने दिलं आणि कंपनीने ते दुरुस्त केलं. खोटं कशाला बोलू, घर सुंदर केलंय. सडलेल्या तुळया बदलल्या, जुनी फरशी घासून पुसून पुन्हा बसवली, सज्जाच्या नक्षीचा एक खिळा हलू दिला नाही. आता मुंबईतले, पुण्यातले, परदेशातलेसुद्धा लोक पाच-सहा खोल्यांचं ते घर दोन-तीन दिवसांसाठी घेतात, ग्रुपने सुट्टी घालवतात आणि सज्जात उभे राहून आमचे फोटो काढतात. त्याबद्दलही माझं काही म्हणणं नव्हतं. माझं भांडण घराशी नव्हतंच. माझं भांडण घरासमोरच्या फाटकाशी होतं.

घरासमोर मोठी मोकळी जागा आहे. कंपनी तिला कोर्टयार्ड म्हणते, आम्ही खळं म्हणतो. माझ्या सासूच्या सासूपासून आमच्या गल्लीतल्या सात घरांचे बोंबील तिथे वाळत आले. बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या, झाली वलांडी. त्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. खालून वारा, वरून ऊन, चार-पाच दिवसांत माल तयार. पाटील स्वतः घरात राहायचे तेव्हा त्यांचे बोंबीलही आमच्या शेजारीच लटकायचे. जागा कुणाची हे कधी कुणी विचारलं नाही, कारण ती कुणा एकाची नव्हतीच. मग कंपनी आली आणि पाहुण्यांच्या सेफ्टीसाठी म्हणून दोन पाखांचं लोखंडी फाटक लागलं. खळ्यात हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं, पांढऱ्या खुर्च्या मांडल्या. आम्ही जयवंतकडे गेलो, त्याने हात वर केले. अर्ज केले, ते कुठे गेले ते अर्जांनाच ठाऊक.

आणि महिन्याभरापूर्वी मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. कोळीवाड्यातल्या मोकळ्या जागांची सरकारी मोजणी. सोमवारी आमच्या गल्लीचा नंबर. जिथे मासळी वाळताना दिसेल ती जागा कागदावर खळं म्हणून चढणार. जिथे काही वाळत नाही ती ज्याच्या कुंपणात असेल त्याच्या आवारात जाणार. कच्चा नकाशा मी जाऊन बघितला. आमचं खळं त्यात घराच्याच रंगात रंगवलं होतं. माझ्या पायाखालची वाळू सरकली. एकदा कागदावर चढलं की पुढे शंभर वर्षं घसा फोडून काही होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

युक्ती माझ्या मुलीची. दीप्ती चकाल्याला एका ऑफिसात काम करते आणि मोबाइलवरून तिची नजर हटत नाही म्हणून मी रोज ओरडते. त्या दिवशी ती मोबाइलमध्ये बघतच म्हणाली, "आई, ते घर शनिवार ते सोमवार रिकामं आहे."

"मग?"

"मग काय? बुक करू ना. बारा लोकांपर्यंत चालतं. भाडं भरलं की फाटक तेच उघडून देणार. आत आपण काय करतो ते आपण बघू."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पोरगी इतकी वर्षं माझंच खाऊन माझ्याहून हुशार झाली होती. मंडळाचे सहलीचे पैसे जमलेले होते, ते त्यात घातले. कृष्णाबाईने एकाच अटीवर सही केली. "मी खाली नाय झोपणार. मला त्या सज्जाची खोली पायजे."

शनिवारी दुपारी दोन वाजता कंपनीचा मॅनेजर निमेश फाटकात उभा होता. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. बुकिंग दीप्तीच्या नावावर होतं, त्यामुळे ऑफिसातल्या मुली येतील अशी त्याची समजूत असावी. आम्हाला बघून त्याचा चेहरा पडला, पण त्याने तो लगेच उचलला. "वेलकम, वेलकम. आंटी, तुम्ही तर इथल्याच ना?"

"इथल्याच," मी म्हटलं. "म्हणून तर लांब जायला नको वाटलं."

मागून आमच्या तिघी जणी खांद्यावर बांबू घेऊन येत होत्या. "और ये क्या है?" निमेशने विचारलं.

"मांडव," कृष्णाबाई म्हणाली. "आमच्यात मांडवाशिवाय सहल होत नाय."

त्याने आम्हाला घर दाखवलं. बैठकीत आमचीच टोपली उलटी टांगून तिच्यात दिवा लावला होता. मासे कापायचा कोयता काचेच्या पेटीत ठेवून भिंतीवर लावला होता. शांताबाईने जवळ जाऊन धार बघितली आणि म्हणाली, "बोथट हाय." प्रत्येक खोलीत एसी, पांढऱ्याशुभ्र चादरी. स्वयंपाकघरात फ्रिजवर नियमांचा कागद, त्यात पाचवा नियम, घरात मासे शिजवू नयेत. पाटलांच्या घरात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. शिजवायला आम्ही आलोच नव्हतो.

तो गेल्यावर आम्ही पदर खोचले. गवताची गुंडाळी करून भिंतीला लावली. खुर्च्या एकावर एक रचल्या. खाली जुनी जमीन तशीच होती आणि बांबूंचे जुने खड्डे मातीने बुजवलेले, पण हाताला लागत होते. मला माझा खड्डा सापडला. मी त्यातली माती बोटांनी उकरली आणि खरं सांगते, मला रडू आलं. तासाभरात सहा वलांड्या उभ्या राहिल्या, दोऱ्या ताणल्या, खळं पुन्हा खळ्यासारखं दिसायला लागलं. हातपाय धुऊन सगळ्या सज्जात चहा घेऊन बसल्या. कुणी दीप्तीला फोटो काढायला लावत होतं, कुणी वरून आपल्याच नवऱ्याला हाका मारून चिडवत होतं. झकास चाललं होतं.

तेवढ्यात कृष्णाबाईने बशी खाली ठेवली. "वनमाले, आज तिथी काय गो?"

मी बोटांवर मोजायला लागले आणि बोट मध्येच थांबलं. अष्टमी.

अष्टमी-नवमी म्हणजे भांगाची भरती. पाण्याला ओढ नसते, ओढ नसली की डोलीचं जाळं फुगत नाही आणि जाळं फुगत नाही तर बोंबील येणार कुठून? गुरुवारीच सगळ्या होड्या खाडीत येऊन लागल्या होत्या. अंगणाऐवजी पाण्याकडे बघितलं असतं तरी दिसल्या असत्या. पुन्हा उधाण येईपर्यंत एकही होडी जाणार नव्हती. मी आयुष्यभर तिथी बघून उठले, तिथी बघून झोपले, आणि या एका वेळेस भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवार तेवढा बघितला. गुरुवारचा माल ठेवू का म्हणून शांताबाईने विचारलंही होतं. मी सेक्रेटरीच्या तोऱ्यात सांगितलं होतं, "विकून टाक, शनिवारी ताजा घेऊ."

"वाट लागली," दीप्ती हळूच म्हणाली.

कोळणीने भरती विसरावी, यापेक्षा मोठी लाज नाही. खाली सहा वलांड्या नुसत्या दोऱ्या दाखवत उभ्या होत्या. सोमवारी मोजणीवाले येऊन काय बघणार? कपडे वाळत घालायची जागा?

सगळ्यांना ठाऊक होतं की गल्लीबाहेर एकाच ठिकाणी या घडीला सात-आठ वलांड्या भरून बोंबील आहेत. आणि सगळ्यांना हेही ठाऊक होतं की तिथे मी जाऊ शकत नाही. म्हणून कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. चहा थंड होत होता. शेवटी कृष्णाबाईच म्हणाली, "तुझी चूक हाय, तूच जा."

ते बोंबील चंपाचे होते.

फाटक लागलं त्या वर्षी मी माझे बांबू उचलून धक्क्याजवळच्या जागेत नेले. तिथे आधीपासून चंपा वाळवायची. मी तिला न विचारता दोन बांबू तिच्या हद्दीत रोवले. ती भांडायला आली, आणि माझं तोंड सुटलं. चार माणसांत मी तिला म्हटलं, "तुला कशाला एवढी जागा? तुझ्या घरी कोण हाय आणून द्यायला?" तिचा नवरा जाऊन तेव्हा वर्ष पण झालं नव्हतं. तिने स्वतःची वलांडी काढून चार हात मागे घेतली, आणि त्या दिवसापासून दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. बाजारात मी समोरून आले की ती गिऱ्हाईक सोडून पाणी प्यायला उठायची. जागा गेली म्हणून मी कंपनीला शिव्या घालत होते, आणि तेच मी चंपाला केलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त मान्य करायचं जिवावर आलं होतं.

दिवेलागणीच्या आधी मी धक्क्यावर गेले. चंपा पाटावर बसून दोऱ्यांकडे तोंड करून बघत होती. मला पाहून उठायला लागली.

"उठू नको," मी म्हटलं. "दोन मिनिटं ऐक. मी बोलले ते नीच बोलले. तुझी जागा पण घेतली. माझं चुकलं."

ती पुन्हा पाटावर टेकली. मी मग सगळं सांगितलं. मोजणी, घर, बारा जणी, अष्टमी. अष्टमीचं ऐकून तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"तू भांग इसरलीस?"

"इसरले."

"सेक्रेटरी?"

"हो गो, सेक्रेटरी. घे बोलून."

ती बराच वेळ हसली. पोट धरून हसली. दोन वर्षांचं साठलेलं हसणं होतं ते, मी उभी राहून ते सगळं घेतलं. मग ती दोऱ्यांकडे बोट करून म्हणाली, "तीन उन्हं खाल्लेला माल हाय. आता हलवला तर जबडे तुटतील. निम्मा खाली पडल, पडलेल्याला भाव नाय. म्हाईत हाय ना?"

"माहीत आहे. म्हणून हुकूम नाही करत, मागते."

तिने पायाने वाळूत रेघ ओढली, पुसली. "त्या घरात एसी हाय?"

"प्रत्येक खोलीत."

"मी तेरावी चालंन?"

रविवारी सकाळी उजाडल्यावर चंपाचे बोंबील निघाले. दोरीवरून सोडवायचे नाहीत, दोरीच्या दोरीच उचलायच्या, हे तिनेच ठरवलं. दोघींनी दोन टोकं धरायची, मधे एकीने हात द्यायचा, आणि गल्लीतून हळूहळू चालायचं. नवरे आता हसत नव्हते. माझ्या नवऱ्याने न सांगता पुढे होऊन मोटारसायकली बाजूला घेतल्या. वाटेत माल पडायचा तो पडलाच. प्रत्येक वेळी टप असा आवाज यायचा आणि चंपा मागे न बघता म्हणायची, "चला, चला." नऊ वाजेपर्यंत पाटलांच्या घरासमोर सहा वलांड्या भरल्या. वारा सुटला आणि तो वास आला. लोक त्या वासाला नाक मुरडतात. मी दोन वर्षांनी खळ्यात उभी राहून तो छातीभर घेतला.

निमेश दहा वाजता आला. फाटकातच थबकला. "आंटी! ये क्या किया? घास कहाँ है?"

"भिंतीला लावलंय, गुंडाळून."

"रूल्स वाचले नाही का तुम्ही?"

"वाचले ना. पाचवा नियम, घरात शिजवू नयेत. घरात एक बोंबील नाही, आणि हे शिजत पण नाहीत."

त्याने फोन लावले. एकाला लावला, दुसऱ्याला लावला, फेऱ्या मारत बोलला. मग परत येऊन आवाज खाली करून म्हणाला, तुमचे सगळे पैसे परत देतो, वर अलिबागला आमचाच बंगला आहे, स्विमिंग पूलवाला, तिथे दोन दिवस फुकट, गाडीसुद्धा पाठवतो. फक्त आत्ता हे उतरवा. स्विमिंग पूल म्हटल्यावर आमच्यातल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं, मी पाहिलं ते. शांताबाई तर हळूच म्हणाली, "वनमाले, पोलीस-बिलीस आणले तर?"

निमेशने ते उचललं. "हां, पोलीस बुलाऊंगा मैं."

"बोलव," कृष्णाबाई वरून, सज्जातून म्हणाली. रात्रभर एसीत झोपून तिचा आवाज बसला होता, तरी गल्लीला ऐकू गेला. "त्यांच्या बायका माझ्याकडनंच पापलेट नेतात. मी पण बघते कोण येतो ते."

पोलीस आले नाहीत. निमेश दिवसभर खुर्च्यांच्या ढिगाजवळ उभा राहून फोटो काढत होता. आम्ही आळीपाळीने बोंबील राखले, कावळे हाकलले, मधूनच आत जाऊन गादीवर लोळलो. चंपा एका खोलीत रिमोट हातात घेऊन सोळावर, अठरावर, वीसवर एसी करून बघत होती. दुपारी कोलंबीचा रस्सा आमच्या घरातून आला. आम्ही तो पाटलांच्या बैठकीत, त्या टोपलीच्या दिव्याखाली बसून जेवलो. शिजवला नव्हता, नुसता खाल्ला.

सोमवारी दहाला मोजणीवाल्या मॅडम आल्या. विनिता नाव, गळ्यात ओळखपत्र, पायात साधी चप्पल, बरोबर फीत धरायला एक माणूस. त्यांनी नकाशा बघितला, खळं बघितलं, परत नकाशा बघितला. निमेश पुढे झाला. "मॅडम, ये सब गेस्ट हैं. पिकनिकला आले आहेत, वीकेंडला. हे टेम्पररी आहे. अकरा वाजता चेक-आउट आहे, सब निकल जाएगा."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणून मला जास्त राग आला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "इथे तुम्ही नेहमी वाळवता का?"

माझ्या मागे बारा जणी उभ्या होत्या. हो म्हण, असं त्या सगळ्यांच्या मनात होतं, आणि माझ्याही होतं. रोज वाळवतो म्हटलं असतं तर कोण बघायला आलं होतं? पण माझ्या डोळ्यांसमोर तो बुजवलेला खड्डा आला, आणि मला वाटलं, खोटं बोलले तर मी त्या फाटकाला सूट दिली. दोन वर्षं आमच्यावर जे झालं ते मीच पुसून टाकलं.

"नाही," मी म्हटलं. "दोन वर्षांत इथे एक बोंबील वाळलेला नाही."

शांताबाईने कपाळावर हात मारला. निमेश हसला.

"कारण फाटक लावलं," मी म्हटलं. "त्याच्या आधी माझी सासू इथे वाळवायची, तिची सासू वाळवायची. ही जमीन बघा, बांबूचे खड्डे बघा, हे दोन दिवसांत पडलेत का? दोन वर्षं आम्हाला आत पाऊल टाकता आलं नाही. आज आलो ते भाडं भरून आलो, मॅडम. आमच्या खळ्यात आम्ही भाडं भरून आलोय. दोन रात्रींची पावती आहे, हिच्या मोबाइलवर आहे. तुमच्या कागदावर जागा असेल तिथे हे लिहा. जागा नसेल तर कागदाच्या मागे लिहा."

माझा आवाज चढला होता. मॅडमना तो आवडला की नाही ते मला कळलं नाही. त्या वाकून वलांडीखालून पलीकडे गेल्या, केसांना बोंबील घासला तरी काही म्हणाल्या नाहीत. एका खड्ड्यात त्यांनी पेन घालून खोली बघितली. फीत लावली, फोटो काढले, दीप्तीकडून पावतीचाही फोटो घेतला. मग म्हणाल्या, "मी दिसतं ते लिहिते, आणि तुम्ही सांगितलंत तेही लिहिलंय. पण तक्रारीची जागा आहे, त्यामुळे साहेब स्वतः बघतील. ते चार वाजता येतील. तेव्हा जे असेल ते धरलं जाईल."

त्या गेल्या. मी निमेशकडे बघितलं आणि त्याने घड्याळाकडे बघितलं. दहा चाळीस. त्याचा हिशेब सोपा होता. अकराला आम्ही बाहेर, फाटक बंद, माल उतरवून बाजूला. चारला साहेब येतील तेव्हा हिरवं गवत आणि पांढऱ्या खुर्च्या.

"ग्यारह बजे, आंटी," तो म्हणाला. पुन्हा गोड झाला होता. "नंतर दुसरे गेस्ट आहेत."

आता भांडायला काही उरलं नव्हतं. बुकिंग अकरापर्यंत होतं, हे मलाही वाचता येत होतं. आम्ही वर गेलो. चादरींच्या नीट घड्या केल्या, कपबशा विसळल्या, स्नानघरं पुसली. पाटलांचं घर कोळणींनी घाण केलं, असं कुणी म्हणायला नको. कृष्णाबाई सज्जाच्या कठड्यावरून हात फिरवत एकटीच उभी होती, तिला दोनदा हाक मारावी लागली. चंपा तेवढी कुठे दिसली नाही. मला वाटलं, तिला माल वाचवायची घाई झाली असेल, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

अकराला पाच मिनिटं असताना आम्ही बॅगा घेऊन खाली आलो. मी घराच्या किल्ल्या निमेशच्या हातावर ठेवल्या. "मोजून घे. घर जसं होतं तसं आहे."

त्याने किल्ल्या खिशात टाकल्या, फाटकाचं कुलूप हातात घेतलं आणि फाटकाकडे वळला. वळला आणि तसाच राहिला.

चंपा फाटकापाशी होती. फाटकाची दोन्ही पाखं आत, भिंतीकडे उघडलेली होती. तिने एका पाखाच्या गजांतून दोरी ओवून ती पलीकडच्या बांबूला ताणून बांधली होती, दुसऱ्या पाखालाही तसंच. एकेकाला चार-चार दोऱ्या, वरपासून खालपर्यंत. आणि त्या प्रत्येक दोरीवर बोंबील, जोडीला जोडी, मधे बोटाची जागा न ठेवता. तिचा सगळ्यात चांगला, न तुटलेला माल होता तो. शेवटची जोडी ती आत्ता अडकवत होती. फाटक आता फाटक राहिलं नव्हतं, वलांडीचा खांब झालं होतं. ते तसूभर हलवायचं म्हटलं तरी सगळी रांग खाली येणार होती.

"ये खोलो," निमेश म्हणाला. "अभी के अभी खोलो."

"तू काढ," चंपा म्हणाली. पदराला हात पुसून ती जमिनीवर बसली. "एकेक जोडी सोडवायची. ओढायची नाय. ओढून तोडलास तर तोडलेलं साहेबाला दाखवंन, चार वाजता."

मी बॅग खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. माझ्याजवळ दीप्ती बसली, तिने ऑफिसला फोन करून पोट दुखतंय म्हणून सांगितलं. मग शांताबाई. मग बाकीच्या, एकेक करत, फाटकाच्या आत-बाहेर. कृष्णाबाईला खाली बसता येत नाही, तिने ढिगातली एक पांढरी खुर्ची ओढून घेतली. गल्लीत माझा नवरा जाळं तसंच टाकून उभा राहिला होता. त्याच्यामागे आणखी पाच-सहा जण आले आणि तिथेच उभे राहिले.

निमेश जवळ आला. त्याने सगळ्यात वरच्या दोरीकडे हात नेला. बोंबलाच्या जबड्याजवळ त्याची बोटं थांबली. तो आपल्या बाहीकडे, मग आमच्याकडे, मग पुन्हा त्या जोडीकडे बघत राहिला.

"काढ की," मी म्हटलं. "आमच्या पोरी सहा वर्षांच्या असताना काढतात."

त्याने हात खाली घेतला. कुलूप हातात धरून तो उन्हात उभा राहिला, आणि आम्ही चारची वाट बघत बसलो.